खारपाणपट्ट्यातले डोंगे सर

आमचे सर सकाळी साडेसहाला रस्त्यानं उलटे चालायचे. उलटे म्हणजे तोंड वरवट बकालकडे आणि पाय संग्रामपूरकडे. दोन्ही हात कमरेवर, मान ताठ, आणि पाठ नेईल तिकडे सर. येणारी-जाणारी माणसं सवयीनं सांगायची, "सर, म्हैस." सर थांबायचे, म्हैस जाऊ द्यायचे आणि पुन्हा सुरू. मागं वळून एकदाही पाहायचे नाहीत. नव्या माणसाला शंका यायची, की यांच्या डोक्यावर परिणाम झाला असेल. गावाला शंका नव्हती, खात्री होती.

आम्ही त्यांना डोंगे सर म्हणायचो. ते त्यांचं आडनाव नव्हे. आमच्याकडे होडीला डोंगा म्हणतात, आणि सर उठता-बसता डोंग्याच्या गोष्टी सांगायचे, म्हणून कुठल्याशा जुन्या बॅचनं ते नाव ठेवलं. पुढं नवीन मुख्याध्यापक आले, त्यांनी वेळापत्रकावर सरळ 'श्री. डोंगे, भूगोल' असं लिहून टाकलं. सरांनी त्याच्यापुढे निमूट सही केली. त्यांना नावाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना पडलेली असायची ती तिकडच्या लोकांची.

तिकडचे लोक म्हणजे एका देशाचे वल्हेकरी. देशाचं नाव मी सांगणार नाही, ही सरांचीच शिस्त. ते म्हणायचे, नाव सांगितलं की लोक 'हो हो, ऐकलं आहे' म्हणतात आणि धडधडीत खोटं बोलतात. नकाशात शोधा म्हणायचे. वर्गातल्या जगाच्या नकाशावर त्या देशावर करंगळीचं टोक ठेवलं की देश गायब. तिकडची सगळी माणसं गोळा केली तरी आपल्या बुलडाणा जिल्ह्याइतकी भरत नाहीत, हे वाक्य मी पाचवी ते दहावी किमान शंभर वेळा ऐकलं असेल.

याचं मूळ साधंच होतं. तरुणपणी सरांनी वाचनालयात दोन ओळींची बातमी वाचली, की होड्यांच्या जागतिक शर्यतीत तीन मोठ्या देशांच्या मागे चौथा आला तो हा देश. सरांनी नकाशा काढला आणि तो देश त्यांना सापडेना. भूगोलाचा मास्तर आणि देश सापडत नाही! दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन सापडला. तेव्हाची शरम त्यांनी आयुष्यभर फेडली. त्यांनी तिकडच्या वल्हेसंघाला इंग्रजीत पत्र लिहिलं की मी भारतातला शिक्षक आहे, तुमचे खेळाडू कोण आहेत ते कळवा. त्या बिचाऱ्यांना आजवर असं कोणी विचारलं नसावं. त्यांनी वर्षाचं फोटोंचं पुस्तक पाठवलं, आणि मग दरवर्षी पाठवतच राहिले.

पुस्तक त्यांच्या भाषेत. सरांना त्यातलं नाव, साल आणि आकडा एवढंच कळायचं. बाकी सर फोटो बघून ताडायचे आणि आम्हाला छातीठोक सांगायचे. एक जण काळ्या कोटात, समोर लोक हात जोडून उभे. सर म्हणाले, हा मंत्री झाला. पुढं मोबाईल आला, त्यात भाषांतर आलं, तेव्हा कळलं की तो चर्चमध्ये पाद्री झाला होता. पाच-सहा बॅचेस त्याला मंत्री समजून शाळेतून बाहेर पडल्या. सरांनी एका शनिवारी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे ती चूक जाहीर केली आणि माजी विद्यार्थी भेटले तर त्यांनाही सांगा म्हणाले. आम्ही सांगितलं पण. एक जण मलकापूरला बँकेत होता, तो म्हणाला, "मले तवाच डाउट होता."

आता आमच्या भागाचं थोडं सांगायला हवं. हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. पिण्याचं पाणी पाइपलाइनीतून येतं, तेही आठवड्यातून एकदा, आणि ते सोडणारा माणूस म्हणजे माझे बाबा. ग्रामपंचायतीत व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर होते. पाणी कमी आलं की शिव्या त्यांना, नीट आलं की श्रेय सरपंचांना. अशा गावात एक मास्तर तीस वर्षं होड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करत होता. शर्यतीची होडी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. मीही नव्हती.

सरांनी तिकडच्या लोकांना आमच्या जिभेला झेपतील अशी नावं दिली होती. सुतार. दोघी बहिणी. लेकुरवाळी. त्यांच्या कारकिर्दी आम्हाला महाराष्ट्राच्या नद्यांपेक्षा जास्त पाठ होत्या. दोघी बहिणी एका होडीत बसायच्या, मग त्यांचं घराच्या वाटणीवरून भांडण झालं आणि वर्षभर एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण होडी सोडली नाही. तेच त्यांचं सगळ्यात चांगलं वर्ष ठरलं. सरांचं म्हणणं, बोलण्यात जाणारा दम वाचला. लेकुरवाळी बाळंतपणानंतर नऊ महिन्यांनी पाण्यावर आली आणि पहिल्याच शर्यतीत शेवटची आली. सर ती गोष्ट सांगताना 'शेवटची' हा शब्द असा उच्चारायचे, की जणू तिनं किल्ला जिंकला.

आणि सुतार. एकट्याच्या होडीत बसणारा. थंडीत तिकडे पाणी गोठतं, तेव्हा हा चार महिने खिडक्यांच्या चौकटी रंधायचा. रंधा मारून मारून त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा जड झाला. त्यामुळे होडी सरळ जाईना, डावीकडे वळू लागली. त्यानं काय करावं? मनात मोजायला लागला. दर पाचव्या ओढीला डावा हात जास्त. बारा वर्षं हा माणूस पाचापर्यंत मोजत होता. कधी पाचवा आला, कधी सहावा, एकदाच चौथा. मग थांबला आणि पोरांसाठी होड्या बनवू लागला.

एखादा पोट्टा विचारायचाच, की सर, पदक नाही भेटलं त्याले? सर चिडायचे नाहीत. "चौथा म्हणजे तीन जण पुढं, बाकी जग मागं," ते म्हणायचे. "आन तू कितवा बे? तू तं अजून पाण्यातच नाही उतरला."

माणूस मोजायचं त्यांचं माप वेगळंच होतं. किती जिंकला हे नाही, किती वर्षं परत आला हे. आम्हा मुलांनाही तेच माप. नापास झालेला पोरगा पुन्हा फॉर्म भरायला आला की सर त्याला स्टाफरूममध्ये बसवून स्वतःच्या डब्यातलं धिरडं द्यायचे. पहिल्या आलेल्याला कधी दिलेलं मी पाहिलं नाही. त्यावरून शाळेत थोडी नाराजीही होती.

मी नववीत होते तेव्हा पाच फूट नऊ इंच झाले. पोरं मला शिडी म्हणायची. बसस्टँडवर कोणीतरी हमखास विचारायचं, वर हवामान कसं आहे? मी पाठीला पोक काढून चालायला लागले, दाराबाहेरसुद्धा वाकायची. एक दिवस सरांनी भूगोलाच्या खोलीतला टेप आणला, मला दोन्ही हात पसरायला सांगितले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"वाकू नको," ते म्हणाले. "तिकडं तुह्यासारख्या पोरी शोधत फिरतात."

मला त्या वयापर्यंत कुणी शोधलं नव्हतं. घरी जाऊन मी ढसाढसा रडले आणि आईला कारण सांगता येईना.

दुसऱ्या आठवड्यापासून आमचा गाडा सुरू झाला. सरांनी वेल्डरकडून लोखंडी पट्ट्या जोडून घेतल्या, त्यावर चाकांची फळी, फळीवर मी. हातात कोळपणीच्या डवऱ्याचं लाकडी रुमणं, म्हणजे धरायची मूठ, रुमण्याला सायकलच्या ट्यूबा आणि ट्यूबा शाळेमागच्या निंबाला बांधलेल्या. मी ओढायची, फळी मागं जायची, निंब हलायचा. सर शेजारी घड्याळ धरून पुस्तकातल्या फोटोशी माझा कोपर ताडून बघायचे. दोन वर्षं रोज सकाळी हे चाललं. गावातल्या बाया पाहायला यायच्या. बाबा व्हॉल्व्हवरून येताना थांबायचे आणि बघून निघून जायचे. घरी आल्यावर मात्र आईला म्हणायचे, "प्याले पाणी नाही, आन हे मास्तर पोरीले डोंग्यात बसवून राह्यलं."

दहावी झाल्यावर सरांनी मोबाईलवर जाहिरात शोधून काढली. मोठ्या शहरात नदीकाठी वल्हेकऱ्यांचं एक निवासी प्रशिक्षण केंद्र होतं. तिथं सतरा वर्षांखालच्या मुली निवडायच्या होत्या. राहणं, खाणं, कॉलेज सगळं त्यांच्याकडे. बाबांनी माझं खामगावला आयटीआयमध्ये शिवणकामाचं बघून ठेवलं होतं. ते वाईट नव्हतं, मला सांगायला हरकत नाही. पण मी सहा फुटांकडे चाललेली मुलगी, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभं राहायला जागा दिसली होती. बाबा शेवटी म्हणाले, जाऊन तर पाहू.

सर, बाबा आणि मी, तिघं गेलो. तिथं सरकत्या पट्टीचं खरंखुरं यंत्र होतं, समोर आकडे दिसणारं. मला हसूच आलं, कारण आमच्या निंबापेक्षा ते फारच मऊ होतं. मी ओढलं. निवड करणाऱ्या बाई स्वतः जुन्या खेळाडू होत्या, त्या दुसरीकडे बघत होत्या, त्या वळल्या. मला पुन्हा ओढायला लावलं. त्या दिवशी आलेल्या मुलींमध्ये माझा आकडा सगळ्यात वर होता. बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस? मी म्हटलं, निंबाला. सर बाजूला उभे राहून यंत्रावरचा आकडा वहीत उतरवून घेत होते.

मग बाई म्हणाल्या, "चला, आता सगळ्यांनी पोहण्याच्या तलावाकडे. पन्नास मीटर."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, मले पोहता नाही येत."

"मलेबी नाही," सर म्हणाले.

सांगते, आजही तो क्षण आठवला की मला हसू येतं. तीस वर्षांची पुस्तकं, दोन वर्षांचा गाडा, पाद्री, सुतार, बहिणी, सगळं पाठ. होडी उलटली तर माणूस पाण्यात पडतो, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. ज्याला पोहता येत नाही त्याला पाण्यावर नेत नाहीत, नियम आहे, त्यात काही करता येत नाही. पुढच्या वर्षी अजून वयात बसतेस, शिकून ये. त्यानंतर नाही.

परतीच्या गाडीत शेगाव यायच्या सुमाराला सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, तिकडं पोहणं म्हणजे चालणं, ते कोण कशाला लिहीन पुस्तकात. मग बाबांकडे वळून त्यांनी हात जोडले. बाबांना ते कसंतरीच झालं. त्यांनी सरांचे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "एक वरीस. मंग खामगाव, आन डोंग्याचं नाव नाही."

आता पोहायचं कुठं? गावात विहिरी खाऱ्या आणि पडक्या. सरांनी एक मत मांडून पाहिलं की खाऱ्या पाण्यात माणूस लवकर तरंगतो, पण त्या विहिरींत उतरायला पायऱ्याच राहिल्या नव्हत्या. आमच्या घराण्यात तर विहीर कधी नव्हतीच. माझ्या आजोबांना काठावर उभं राहून दुसऱ्यानं ओतलेलं पाणी प्यावं लागलं होतं. पोहणं कुठून येणार होतं आमच्यात?

सरांचं मूळ घर वडनेर भोलजीला. तिथं त्यांचे थोरले भाऊ भाजीपाला करायचे. वांगी, मिरच्या, कोथिंबीर. विहीर गोड्या पाण्याची, भरपूर रुंद. लहानपणी सर दम्याचे म्हणून आईनं त्यांना विहिरीकडे फिरकू दिलं नाही, भाऊ मात्र त्यात मासोळीसारखा पोहायचा. एका रविवारी दोन बस बदलून सर, बाबा आणि मी तिथं पोचलो. बाबांनी 'जयभीम' घातला, भाऊंनी 'रामराम' म्हटलं. चहा झाला. सरांनी काम सांगितलं. भाऊंनी मान खाली घातली आणि चपलेनं माती उकरत राहिले.

"पिण्याचं पाणी हाय, गड्या," ते सरांना म्हणाले. "घरातल्या बाया काय म्हणतीन? ह्या गावात दुसऱ्या कोण्या विहिरीत पाह्य ना."

त्याच सकाळी त्यांच्या घरची दोन पोरं त्या विहिरीत डुंबून गेली होती. त्यांचे ओले कपडे कुंपणावर वाळत होते. काय म्हणायचं होतं ते मला समजलं, बाबांनाही समजलं. मला इतका राग आला की कान तापले. तो राग अजून गेलेला नाही आणि मी तो घालवायचा प्रयत्नही करत नाही. बाबा शांतपणे उठले. "चाल पोरी, बस भेटीन," एवढंच म्हणाले.

सर तोवर विहिरीच्या काठावर गेले होते. मला बांधायला म्हणून आणलेले तेलाचे दोन रिकामे कॅन त्यांनी स्वतःच्या पाठीला बांधले होते, तेही धड नव्हते बांधले. घड्याळ काढलं, चष्मा काढला, दोन्ही नीट चपलेत ठेवले. आणि छप्पन्न वर्षांचा तो माणूस, ज्याला पोहता येत नव्हतं, त्यानं पॅन्टशर्टासकट विहिरीत उडी घेतली.

एक कॅन सुटून तरंगत लांब गेला. सर एका कॅनवर तिरपे लोंबकळत, नाकातोंडात पाणी, खालून ओरडले, "दादा! आता मी पडलो. ह्याइनं सोडलेलं पाणी रोज पेतो मी, विहीर बाटली असन तं बाटली. खाली येऊन शिकवतं का मरू देतं?"

भाऊंनी धोतर आवरलं नि धाडकन खाली. त्यांनी सरांची कॉलर धरली आणि पायरीला आणून टेकवलं. दोघं म्हातारे भाऊ एकमेकांना धरून खोकत होते. मग थोरल्यानं वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी विहिरीचं होतं की स्वतःचं, देव जाणे. मला म्हणाले, "काय पाह्यतं वं? ये खाली. पायऱ्यानं येजो, हा भैताड उडी मारते तशी नको मारू." मी बाबांकडे पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

त्यानंतर दर रविवारी दोन बस. भाऊंसारखा कडक शिक्षक मला पुढंही भेटला नाही. हात चुकला की वरून वांगं फेकून मारायचे. सर माझ्या शेजारीच कॅन बांधून शिकायचे आणि माझ्याहून मागं पडायचे. दिवाळीपर्यंत मी कॅन सोडला. सरांनी संक्रांतीला सोडला, त्या दिवशी त्यांच्या वहिनीनं सगळ्यांना तिळगूळ देऊन वर गरम भजी खाऊ घातली. मार्चमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि आमची शिकवणी संपली.

जूनमध्ये पुन्हा तेच केंद्र, त्याच बाई. यंत्रावर आकडा मागच्या वर्षीपेक्षा वरचा. बाईंनी तलावाकडे बोट केलं. मी काठावर उभी राहिले. पलीकडे सर आणि बाबा. मी उडी मारली ती आमच्या पद्धतीनं, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन धबाक. बाई नखशिखांत भिजल्या.

आणि मग मला कळलं की मी डावीकडे चालले आहे. कळलं का काय झालं होतं? मी वर्षभर विहिरीत पोहले होते. विहीर गोल. विहिरीत माणूस सरळ कुठं जाणार, तो कडेकडेनं फेऱ्या मारतो. मी शेकड्यानं फेऱ्या मारल्या होत्या, सगळ्या डावीकडून. पन्नास मीटर सरळ मी आयुष्यात पोहले नव्हते. मी पहिली दोरी ओलांडली, दुसरी ओलांडली, शेजारच्या मुलीला लाथ बसली. बाजूच्या कडेला हात लागला की बाद, असा नियम होता, आणि कड समोर येत होती. शिट्टी वाजली. कोणीतरी ओरडलं, अगं कुठे चाललीस? मला वाटलं संपलं, खामगाव.

तेवढ्यात सरांचा आवाज आला. वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज. "सुतार! पोरी, सुतार!"

बाकी कोणाला त्याचा अर्थ लागला नसणार. मला लागला. एक, दोन, तीन, चार, पाचव्याला डावा जास्त. एक, दोन, तीन, चार, डावा. माझं तोंड हळूहळू वळलं. मी परत दोऱ्यांखालून माझ्या पट्ट्यात आले आणि पाच-पाच मोजत गेले. जन्मात न पाहिलेला, थंडीत चौकटी रंधणारा माणूस माझ्याबरोबर मोजत होता. पन्नास मीटरचं अंतर मी बहुतेक सत्तर मीटर पोहून कापलं. शेवटच्या भिंतीला हात लागला तेव्हा मी इतकं पाणी प्यायले होते की मला 'मी झाले का पास' एवढंही विचारता येईना.

बाई वाकल्या आणि म्हणाल्या, "नियमात सरळ पोहायचं असं कुठे लिहिलेलं नाही. सामान आणलंयस ना? आजपासून इथेच राहा."

बाबा खाली बसले. नुसते जमिनीवर बसले आणि रुमाल तोंडावर धरला. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, निदान वरवट बकालमध्ये तरी. मी देशाची जर्सी घालून दोनदा परदेशात गेले. एकदा सहावी आले, एकदा चौथी. चौथी आले तेव्हा सरांनी शाळेत पेढे वाटले आणि मुख्याध्यापकांना पदक का नाही म्हणून विचारूही दिलं नाही. तिकडची एक मुलगी मला होड्यांच्या शेडमध्ये भेटली. मी तिला तिच्याच देशाचे सुतार, बहिणी, पाद्री सांगायला लागले. तिला निम्मे माहीतच नव्हते. ती धावत जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाला घेऊन आली. त्यानं मला बसवून कॉफी पाजली, सुतार अजून होड्या बनवतो म्हणाला, आणि ही माहिती ठेवणाऱ्या माणसाचं नाव लिहून मागितलं. मी 'डोंगे सर' लिहून दिलं. आता पुस्तक त्याच नावानं येतं.

पण मला सांगायचा आहे तो निवडीचाच दिवस. संध्याकाळी बाईंनी आम्हाला नदीवर नेलं. शेडमध्ये फळ्यांवर होड्या ठेवलेल्या होत्या, लांबच लांब आणि एवढ्या अरुंद की त्यात माणूस मावेल असं वाटू नये. सर दारातच थांबले. देवळात थांबावं तसे चपला काढून. तिथल्या सांभाळणाऱ्या माणसानं कौतुकानं एकट्याची होडी दाखवली आणि म्हणाला, सतरा-अठरा किलो असेल. सर हळूच म्हणाले, "चौदा. त्याच्याखाली चालत नाही." बाईंनी बरोबर आहे म्हणून मान हलवली. हात लावून बघा की, असं त्या माणसानं दोनदा सांगितलं. सरांनी हात पाठीमागे बांधले होते, ते सोडले नाहीत.

मला शिकाऊ होडीत बसवलं. बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून होडी धरून होत्या. दोन्ही वल्ही हातात आली, आणि सर रोज सकाळी रस्त्यानं चालायचे तशीच जायचं तिकडे पाठ: पाठीमागे नदी, समोर काठ आणि काठावर सर. बाईंनी सोडलं. मी एक ओढ घेतली, होडी सरकली, आणि माझ्या अंगावर काटा आला. दुसरी घेतली. तिसऱ्या ओढीला डावं वल्हं पाण्यात अडकलं आणि मी सरळ पालथी. पहिल्या दिवशी सगळेच पडतात. मी वर आले, हसत होते, विहिरीतल्यासारखी होडीभोवती फेरी मारली आणि तिची कड धरली.

तेवढ्यात धबाक असा आवाज झाला. काठावर बाबा एकटेच उभे होते आणि त्यांच्या हातात सरांचा चष्मा होता.

सर आले. धापा टाकत, वाकडेतिकडे, पण आले. वर्षभरापूर्वी एका कॅनला लोंबकळणारा माणूस पॅन्टशर्टात माझ्यापर्यंत पोहत आला आणि त्यांनी उलट्या होडीवर दोन्ही हात ठेवले. बाई काठाकडे वळून विचारत होत्या, हे कोण आहेत, यांना कुणी उतरू दिलं?

"सर," मी म्हटलं, "मले येते ना आता पोहता. तुम्ही कायले उडी मारली?"

सरांनी गाल होडीला टेकवला होता. चष्मा नव्हता, त्यामुळे डोळे लहान मुलासारखे दिसत होते.

"तुह्यासाठी नाही मारली," ते म्हणाले. "तीस वर्षं काठावर होतो, पोरी. लय झालं."